अंगठा लागत नाही

सिमकार्डच्या दुकानातला तो पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगते. विशी-बाविशीचा असेल, कानात एक ईअरफोन, एक गळ्यात लोंबतोय, समोर ते छोटं काळं मशीन. माझं जुनं सिम बंद पडलेलं म्हणून नवीन घ्यायचं होतं, आधार नंबर दिला, अंगठा ठेवला, लाल लाइट. परत ठेवला, परत लाल. 'काकी, हात पुसा जरा.' पुसला. 'केसांवरून फिरवा.' फिरवला. डावा अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट, असं करत करत दहाच्या दहा बोटं झाली आणि दर वेळी ते मशीन तसंच लाल व्हायचं, आणि माझ्यामागे लाइन वाढत चाललेली. मग त्याने माझा हात जरा उजेडात धरून बघितला आणि अगदी सहज, कसलाही आव न आणता विचारलं, 'काकी, धुणीभांडी करता का? धुणीभांडीवाल्या बायकांचं असंच होतं, अंगठा लागतच नाही.'

'मी स्टाफ नर्स आहे,' मी म्हटलं.

म्हटलं म्हणजे काय, ज्या आवाजात मी व्हिजिटिंग अवर संपल्यावर नातेवाइकांना वॉर्डबाहेर काढते त्या आवाजात म्हटलं. पोरगा एकदम 'सॉरी मॅडम' वर आला. काकीची मॅडम झाले, दोन सेकंदात. माझ्यामागे एक बाई उभी होती, हातात कापडी पिशवी, पिशवीतून कुठल्यातरी घराच्या चाव्यांचा जुडगा डोकावत होता, ती एकदम दुकानातल्या फोनच्या कव्हरकडे बघायला लागली. म्हणजे ती काय काम करते ते मला कळलं आणि मला कळलं हे तिलाही कळलं. मी 'नंतर येते' म्हणून बाहेर पडले. घरी येईपर्यंत डोक्यात सिम नव्हतं, मशीन नव्हतं, तो पोरगापण नव्हता. माझं ते वाक्य किती पटकन बाहेर आलं, एवढंच होतं. जसं काही आतमध्ये तयार करूनच ठेवलेलं.

आता हात कसे आहेत ते सांगायला हवं. बाहेरून बघितलं तर फार काही नाही. मनगटाच्या जरा वर, जिथे ग्लोव्हजची कड संपते, तिथे एक रेघ आहे, तिच्या खालची कातडी एका रंगाची आणि वरची दुसऱ्या. बोटांच्या पेरांवर चिरा, थंडीत जास्त, पण पावसाळ्यातही असतातच. टोकं गुळगुळीत आणि चकचकीत, रेषा घासून गेल्यासारखी. रेशमी साडीला हात लावला की बोटं अडकतात, अगदी करकर आवाज येतो, त्यामुळे लग्नात साडी मीच नेसते पण निऱ्या बहीण करून देते. लिंबू पिळायचं असलं की आधी विचार करावा लागतो. भाजीची प्लास्टिकची पिशवी धरली की तिचे बंद बरोब्बर चिरेत जाऊन बसतात, जणू ती जागा त्यांच्यासाठीच ठेवली आहे. आणि लेक सातवीत होती तेव्हा एकदा म्हणाली, आई तू नको ना तेल लावू, आजीकडून लावून घेते, तुझा हात टोचतो. तिला आता आठवतही नाही. मला तो वार आठवतो, रविवार होता.

हे सगळं कोविडमुळे झालं असं सांगायची सोय आहे, लोकांना ते लगेच कळतं, पण सुरुवात त्याच्या कितीतरी आधीची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ट्रेनिंगला होते तेव्हा ग्लोव्हज फेकून द्यायची चैन नव्हती. वापरलेले ग्लोव्हज धुवायचे, दोरीवर वाळत घालायचे, फुगवून भोक आहे का बघायचं, मग पावडर मारायची, मापं बघून जोड्या लावायच्या आणि ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेवर निर्जंतुक करायला. दुपारच्या ड्युटीला आम्ही पाच-सहा मुली गोल करून बसायचो, पापड लाटायला बसतात तसं, आणि ती पांढरी पावडर हवेत, केसांत, युनिफॉर्मवर, गप्पांमध्ये सगळीकडे. एक मैत्रीण सारखी शिंकायची, डोळे लाल व्हायचे, आम्ही तिला नाजूक म्हणून चिडवायचो. पुष्कळ वर्षांनी कळलं की रबराच्या चिकातली प्रोटीन्स त्या पावडरीला चिकटतात आणि पावडरीवर बसून हवेत फिरतात, नाकात जातात. अमेरिकेने पावडरवाल्या ग्लोव्हजवर सरळ बंदीच आणली, जानेवारी २०१७ पासून. ते वाचलं तेव्हा तिला फोन करावा असं वाटलेलं, केला नाही. तिने नर्सिंग केव्हाच सोडलंय, शिवणक्लास चालवते.

मग २००१ मध्ये नोकरी लागली आणि हात खाजायला लागले, पण खाज हे काय दुखणं आहे का. वॉर्डमध्ये चाळीस पेशंट असताना सिस्टर हात खाजवत बसली तर कसं दिसेल. मी मेडिकलमधून ट्यूब आणली. नर्स असून आणली, हे लिहिताना आजही लाज वाटते, कारण पेशंटच्या नातेवाइकांना मीच सांगायचे की मेडिकलवाल्याला विचारून मलमं लावू नका. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, हेही मला माहीत होतं. आठ दिवसांत हात आरशासारखा साफ, सोडलं की दुप्पट वर. परत ट्यूब. हे असं वर्षानुवर्षं, घरात मिठाचा डबा संपायला आला की आणतो तशी ती ट्यूब यायची. कातडी पातळ होत गेली आणि माझ्या लक्षातही आलं नाही, किंवा आलं आणि मी बघितलं नाही.

आणि मग २०२०.

त्या दिवसांवर इतकं लिहून झालंय की मला त्यातलं फक्त हातांपुरतं सांगायचंय. किटमध्ये सहा तास, जून महिना, मुंबईचा दमटपणा, वॉर्डात एसी बंद. आतले ग्लोव्हज, त्याच्यावर किटची बाही, बाहीवर चिकटपट्टी, त्याच्यावर बाहेरचे ग्लोव्हज. पहिल्या अर्ध्या तासात घाम सुटायचा आणि तो जाणार कुठे, खाली उतरून बोटांत साठायचा. इंजेक्शन भरताना बोटं आतल्या आत पाण्यात हलताहेत असं वाटायचं. ड्युटी संपली की डॉफिंगला, म्हणजे किट उतरवायला उभं राहायचं, एक वस्तू काढली की सॅनिटायझर, दुसरी काढली की परत सॅनिटायझर, आणि शेवटी आतले ग्लोव्हज काढले की त्यातून खरोखर पाणी ओघळायचं. खालची बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली, अख्ख्या गणपतीचं धुणं धुतल्यासारखी. त्यावर शेवटचा सॅनिटायझर पडला की मी मनातल्या मनात रामरक्षेची एक ओळ म्हणायचे, भक्ती म्हणून नव्हे, ती ओळ संपेपर्यंत आग कमी होते एवढं मोजून ठेवलेलं.

तोंडाचं सगळ्यांनी बघितलं. एन-९५ चे वळ, गॉगलच्या रेघा, नाकाच्या दांड्यावर सोललेलं, कुणी पट्ट्या लावायचं, कुणी कापूस. ते फोटो जगभर फिरले, आमच्या एका ज्युनियरचापण सोसायटीच्या ग्रुपवर फिरला, खाली हात जोडलेले इमोजी. चीनच्या हुबेईमध्ये तेव्हा अशा ५४२ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली आणि त्यातल्या ५२६ जणांच्या कातडीला काही ना काही झालेलं होतं, सगळ्यात जास्त नाकाच्या दांड्यावर. तो आकडा वाचून मला बरं वाटलं, आपण एकट्या नाही म्हणून, आणि मग मी बराच वेळ त्या उरलेल्या सोळा जणांचा विचार करत बसले. कोण असतील, कसली कातडी असेल. पण हातांचे फोटो कुणी काढले नाहीत. चेहऱ्यावरच्या वळाकडे बघितलं की माणसाला योद्धा वगैरे आठवतो, फुटलेल्या हाताकडे बघून धुणंभांडीच आठवतात. तीन मे २०२० ला हेलिकॉप्टरमधून हॉस्पिटलांवर फुलं टाकली गेली, त्या दिवशी मला आठवतंय, मी डाव्या हाताने चहाचा कप धरलेला, कारण उजव्याने धरवत नव्हता.

शेवटी २०२२ मध्ये स्किन ओपीडीला गेले, स्टाफ म्हणून मधून नाही, केसपेपर काढून लाइनमध्ये. का कोण जाणे, पण तसं करावंसं वाटलं. त्या लाइनमध्ये जेवढे हात बघितले तेवढे एका ठिकाणी आधी कधी बघितले नव्हते. एक गवंडी होता, सिमेंटने तळवे भेगाळलेले, तो म्हणाला ग्लोव्हज देतात पण त्यात सिमेंट शिरतं आणि मग जास्तच खातं, त्यापेक्षा उघडा हात बरा. एक पार्लरवाली होती, हेअर डायने बोटं सुजलेली. एका आजोबांच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा हुबेहूब इंग्रजी व्ही उठलेला. डॉक्टर पोरगीच होती, माझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी, तिने माझ्या मनगटावरच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, सिस्टर ही ग्लोव्हजची कड आहे ना, आपण पॅच टेस्ट करू.

पॅच टेस्ट म्हणजे पाठीवर छोट्या छोट्या डब्यांची पट्टी चिकटवतात, प्रत्येक डबीत एक एक पदार्थ, आणि दोन दिवस ती तशीच ठेवायची, पाठीला पाणी नाही, घाम नाही. मे महिन्यात मुंबईत घाम नाही. मी दोन दिवस पंख्याखाली पालथी पडून होते, नोकरी लागल्यापासून एवढी विश्रांती बाळंतपणातच मिळालेली. ४८ तासांनी पट्टी काढली, ९६ तासांनी परत बघितलं. एका चौकोनात लालभडक टेकाड, थायुराम म्हणून एक केमिकलचा गट आहे तो. रबर लवकर पक्कं व्हावं म्हणून घालतात. म्हणजे रबराच्या चिकाशी माझं भांडण नव्हतंच, त्याला घाईने रबर बनवणाऱ्या वस्तूशी होतं. आणि मला सगळे सांगत होते लॅटेक्स, म्हणजे चिकाच्या रबराचे सोड, नायट्राइल, म्हणजे कृत्रिम रबराचे घाल, तर डॉक्टर म्हणाली की नायट्राइलमध्येसुद्धा असली केमिकल्स असतात, त्यांच्याशिवाय बनवलेले वेगळे मिळतात ते बघा. शिवाय दुसरं एक सांगितलं ते माझ्या इतक्या वर्षांच्या समजाच्या बरोब्बर उलटं होतं. सॅनिटायझर झोंबतो म्हणून मी तो टाळून साबणाने हात धुवायचे, तर म्हणे साबण-पाण्याने कातडी जास्त कोरडी पडते, सॅनिटायझर फक्त आधीच पडलेली भेग दाखवून देतो. आणि ओल्या हातावर ग्लोव्हज कधीच चढवायचे नाहीत. मी वीस वर्षं ओल्या हातावर चढवत आलेले, वाळेपर्यंत थांबायला वेळ कुणाला होता.

स्टोअरला इंडेंट, म्हणजे मागणीपत्र टाकलं तसल्या ग्लोव्हजसाठी. 'सिस्टर, टेंडरमध्ये जे येतं ते येतं,' एवढं उत्तर, तेही हसून. वाईट माणूस नाही तो, त्याच्या हातात तेवढंच आहे. मी माझ्या पैशाने एक बॉक्स आणला आणि तो लॉकरमध्ये ठेवते, डब्यासारखा, आणि कुणी ज्युनियर अडल्या वेळी मागायला आली तर देताना हात आखडतो, मग त्याचंही वाईट वाटतं. साधं इंजेक्शन द्यायला ग्लोव्हज लागतातच असं नाही, नियम तसा सांगतो, पण देणाऱ्याची कातडी फुटलेली असेल तर मात्र घालायलाच हवेत. म्हणजे ग्लोव्हजनी फुटलेला हात झाकायला ग्लोव्हज. हे मी त्या डॉक्टर पोरीला म्हटलं तर ती हसली आणि म्हणाली, सिस्टर, तुम्हाला ग्लोव्हजची गोष्ट माहीत आहे का.

मला माहीत नव्हती. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये १८८९ च्या सुमाराला कॅरोलिन हॅम्प्टन नावाची नर्स होती, ऑपरेशन थिएटरची प्रमुख. तेव्हा हात निर्जंतुक करायला पाऱ्याचं एक जहाल द्रावण वापरायचे, त्याने तिच्या हातांची आणि दंडांची कातडी उठली, काम सोडायची वेळ आली. तिथला सर्जन विल्यम हॉल्स्टेड, त्याने गुडइयर रबर कंपनीला सांगून तिच्या मापाचे पातळ रबरी हातमोजे करून घेतले. तिच्या कातडीसाठी! ग्लोव्हजमुळे पेशंटला इन्फेक्शन होणार नाही वगैरे विचार तेव्हा नव्हताच, तो फायदा लोकांच्या नंतर लक्षात आला. १८९० मध्ये दोघांनी लग्न केलं, तिची नोकरी सुटली, ग्लोव्हज मागे राहिले. डॉक्टर पोरीला ही लव्हस्टोरी वाटत होती. मला मात्र त्या बाईचा हात दिसत होता, पाऱ्याने उतलेला, आणि कुणीतरी एका माणसाने तो उजेडात धरून बघितला आणि काय काम करता असं न विचारता माप घेतलं.

उतलेला. हा शब्द मला हॉस्पिटलात कधी सुचला नसता, तो गावचा. आमच्याकडे वेंगुर्ल्याला बिब्बा उततो, आंब्याचा चीक उततो आणि काजू उततो. एकाच कुळातली झाडं आहेत तिन्ही. आई काजूच्या कारखान्यात होती, मी शाळेत असल्यापासून ते माझी नोकरी लागून दोन-तीन वर्षं होईपर्यंत. उकडलेली बी यंत्राच्या पात्यात धरायची, दांडा दाबायचा, टरफल फुटलं की गर काढायचा. टरफलात ते काळपट तेल असतं, कातडीला लागलं की जाळतं आणि साबणाने जात नाही. बायका बोटांना खोबरेल लावायच्या, वर राख फासायच्या. ग्लोव्हज मिळायचे कधी कधी, कुणी घालायचं नाही, कारण पैसे किलोवर आणि ग्लोव्हज घातले की हात मंद होतो. आईची बोटं काळी असायची, आणि एप्रिल-मे मध्ये त्यांची साल निघायची, सापाची कात निघते तशी. रात्री ती चुलीच्या धगीवर मुठेल पातळ करायची, कोकमाच्या बियांचं तेल, मुठीत वळलेला पिवळट गोळा, आणि बोटाबोटाला चोळायची. त्या वासाची मला शाळेत लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या की मी आईला हात पदराखाली घे म्हणायचे. ती घ्यायचीही, काही न बोलता.

एक गोष्ट तिने कधी केली नाही, ती म्हणजे पगाराच्या वहीवर अंगठा. साक्षरतेच्या वर्गाला जाऊन सही शिकली, वाकडीतिकडी, पण सही. अंगठेबहाद्दर म्हणून घ्यायचं नव्हतं तिला. आणि आता बघा, लेक जीएनएम झालेली नर्स, नात इंजिनियरिंगला, आणि सगळ्या जणी लाइनीत उभ्या राहून अंगठा देतोय.

आमच्या वॉर्डातली सफाईवाली मावशी आहे, तिला जाड रबरी ग्लोव्हज मिळतात, एकच साइज, तिच्या हाताला कोपरापर्यंत येतात. त्यात फिनेलचं पाणी वरून शिरतं. गमबूटमध्येपण तेच. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात, बारा महिने, ती म्हणते आमचा पावसाळा संपत नाही. तिला मी लॉकरमधलं पेट्रोलियम जेली देते, कॉटनचे पातळ मोजे आतून घाल म्हणून सांगते, सगळं सांगते, एक स्किन ओपीडी केली की आपण अर्ध्या डॉक्टर होतो. पण सिमकार्डच्या दुकानात तिच्यासारखी बाई मागे उभी होती तेव्हा मी काय बोलले ते तिला सांगितलेलं नाही.

सिम मिळालं, तसं. आठवडाभर रोज रात्री जेली चोपडून, वर मोजे घालून झोपले आणि परत गेले. दहापैकी डाव्या हाताची अनामिका लागली एकदाची. पोरगा खूश झाला, 'मॅडम, हे बोट लक्षात ठेवा.' मला त्याला सांगायचं होतं की काकी म्हण रे, पण तो पुढच्या माणसाकडे वळलेला.

गेल्या मे मध्ये सुट्टी टाकून गावी गेले होते, आईबरोबर रेशनच्या दुकानात. ती आता बाहत्तरची. काजू सोडून वीसएक वर्षं झाली. दुकानदाराने तसलंच काळं मशीन पुढे केलं आणि माझ्याच पोटात गोळा आला, आता हिला दहा बोटं द्यायला लावतील, केसांवर फिरवायला लावतील. आईने पदराला अंगठा पुसला, ठेवला. टुंग. हिरवा. पहिल्या फटक्यात. मी तिचा हात धरून उलटा केला, उजेडात बघितला. सुरकुत्या होत्या, पण बोटाच्या टोकावर एकात एक गेलेल्या रेषा स्वच्छ दिसत होत्या, जिथे माझ्या लहानपणी कधी नव्हत्या.

'काय बघतंस?'

'तुझो लागलो. माझो लागना नाय.'

'माझो लागतलोच. काजी सोडलंय मी,' ती म्हणाली आणि मग माझी बोटं स्वतःच्या हातात घेऊन अंगठ्याने चाचपत राहिली, एकेक पेर. 'तू कधी सोडतलंस?'

रिटायरमेंटला अकरा वर्षं आहेत म्हटलं. ती काही बोलली नाही. दुकानदाराने तांदूळ मापले, पिशवी माझ्याकडे सरकवली, मी उचलली, बंद नेहमीसारखे चिरेत जाऊन बसले. आईने चार पावलं चालून झाल्यावर वळून बघितलं, आणि पिशवी माझ्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतली.